वाचकांचे प्रश्न : डॉर्निअर नावाच्या कारखान्याची गोष्ट

प्रश्न : आमचे घर दाबोळीजवळ आहे. नौदलाची दोन प्रोपेलरची, चौकोनी धडाची लहान विमाने आमच्या डोक्यावरून सतत जात-येत असतात. वर्तमानपत्रांत त्यांना ‘डॉर्निअर’ म्हणतात. हे विमानाचे नाव आहे की कंपनीचे? कंपनी जर्मन असेल, तर तिचा पूर्वेतिहास काय?
— एक निवृत्त शिक्षक, वास्को

उत्तर : हे मुळात एका माणसाचे आडनाव आहे. त्यावरून कंपनीचे नाव पडले आणि भारतात मात्र त्या कंपनीचे एकच विमान एवढे रुळले की नाव थेट विमानालाच चिकटले. आपण पाहता त्या विमानाचे खरे नाव ‘डॉर्निअर २२८’. त्याच्याकडे आपण पुढे येऊच. आधी माणसाकडे जाऊ.

क्लोद डॉर्निअर यांचा जन्म १८८४ साली बव्हेरियातील केम्प्टन या गावी झाला. वडील फ्रेंच, दारूचे व्यापारी, आई जर्मन. म्युनिकमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते १९१० साली बोडेन सरोवराच्या काठी, फ्रिडरिक्सहाफेन येथे काउंट झेपेलिन यांच्या हवाईजहाजांच्या कारखान्यात रुजू झाले. तेथे त्यांच्याकडे धातूच्या सांगाड्यांच्या मजबुतीचे गणित होते. त्या काळी बहुतेक विमाने लाकडी पट्ट्या, तारा आणि ताणून बसवलेले कापड यांची बनत. हलक्या धातूचे विमान बनवता येईल, आणि त्याचा पत्रा केवळ अंग झाकण्यासाठी न राहता भारही पेलू शकेल, हा विचार डॉर्निअर यांनी झेपेलिनच्या कारखान्यातच पक्का केला. काउंटने त्यांना स्वतंत्र विभाग काढून दिला, आणि पहिल्या महायुद्धात तेथे धातूच्या प्रचंड उडत्या नौका, म्हणजे पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी विमाने, तयार होऊ लागल्या. पहिली नौका १९१५ साली तयार झाली. तिच्या पंखांचा विस्तार साडेत्रेचाळीस मीटर होता, परंतु उड्डाणापूर्वीच त्या वर्षीच्या डिसेंबरात सरोवरावरील वादळाने तिचे तुकडे केले. दुसरी १९१६ साली उडाली. १९१८ मधील त्यांचे धातूचे लढाऊ विमान चाचणीत असताना त्याचा वरचा पंख निखळला आणि विल्हेल्म राइनहार्ड हा नामांकित वैमानिक मरण पावला. पत्र्याने भार पेलण्याची विद्या अशी किंमत मोजत पुढे सरकत होती.

युद्ध संपले आणि व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानबांधणीवर कडक बंधने आली. डॉर्निअर यांनी १९१९ साली प्रवासी वाहतुकीसाठी एक उडती नौका बांधली होती. दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण आयोगाच्या आदेशावरून १९२० साली ती कीलजवळ समुद्रात बुडवण्यात आली. माझ्या मते या कंपनीच्या इतिहासाचे सूत्र येथेच हाती लागते. मायदेशात काम करता येईना, म्हणून डॉर्निअर यांनी आपले आराखडे सीमेपलीकडे नेले. इटलीत पिसाजवळ मरीना दी पिसा येथे त्यांनी कारखाना उभा केला आणि बुडवलेल्या त्याच नौकेची सुधारित आवृत्ती तेथे बांधली. ६ नोव्हेंबर १९२२ रोजी ती प्रथम उडाली. तिचे नाव ‘वाल’, म्हणजे देवमासा.

वालची रचना समजून घेण्यासारखी आहे. नौका धातूची. पंख डोक्यावर, जेणेकरून लाटांचे पाणी इंजिनांपर्यंत पोहोचू नये. पंखाच्या मध्यावर दोन इंजिने एकामागे एक, एक ओढणारे आणि एक ढकलणारे. त्यामुळे एक बंद पडले तरी विमान एका बाजूला खेचले जात नसे. सामान्य उडत्या नौकांना पाण्यावर कलंडू नये म्हणून पंखांच्या टोकांखाली तरंगे लावत. डॉर्निअर यांनी त्याऐवजी नौकेच्या दोन्ही कुशींना आखूड, जाड पंखासारखे फुगीर भाग जोडले. तेच तिला पाण्यावर तोलून धरत आणि उडताना थोडा उचलही देत.

या विमानाची खरी परीक्षा उत्तर ध्रुवाजवळ झाली. मे १९२५ मध्ये नॉर्वेचे ध्रुवसंशोधक रोआल्ड अमुंडसेन आणि त्यांचे पाच सोबती ‘एन २४’ आणि ‘एन २५’ या दोन वाल विमानांतून ध्रुवाकडे निघाले आणि सुमारे ८८ अंश उत्तर अक्षांशाच्या अलीकडे त्यांना बर्फातील पाण्याच्या चिरेत उतरावे लागले. एक विमान निकामी झाले. मग तीन आठवड्यांहून अधिक काळ सहा माणसे, अगदी तुटपुंज्या अन्नावर, हिमखंड फोडत आणि बर्फ तुडवत धावपट्टी तयार करत राहिली. सभोवारचा बर्फ विमानाला आवळू पाहत होता. तेथे लाकडी नौका असती तर तिचा चुरा झाला असता. धातूचा पत्रा टिकला. १५ जून रोजी सहाही जण ‘एन २५’मध्ये बसून उडाले आणि जिवंत परतले. पुढे १९३० साली वोल्फगांग फोन ग्रोनाऊ यांनी तेच ‘एन २५’ आइसलँड आणि ग्रीनलँडमार्गे न्यूयॉर्कला नेले. १९३४ पासून लुफ्तहान्साने वाल विमानांनी दक्षिण अटलांटिकवर नियमित टपाल सुरू केले, तेव्हा समुद्रात उभ्या केलेल्या जहाजावर विमान क्रेनने उचलून घेत, इंधन भरत आणि यांत्रिक गलोलीने पुन्हा आकाशात फेकत. इटली, स्पेन, नेदरलँड्स, जपान आणि अखेर जर्मनी अशा देशांत मिळून वाल अडीचशेहून अधिक संख्येने बांधली गेली.

प्रश्न : बारा इंजिनांचे एक जर्मन विमान होते, असे वाचनात आले. ते याच कंपनीचे का? इतकी इंजिने का लागली आणि त्याचे पुढे काय झाले?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : होय, ते डॉर्निअरचे ‘डो एक्स’. यावर मी थोडे सविस्तर लिहितो, कारण विमानाची कल्पना किती पुढे जाऊ शकते आणि इंजिन तिला कोठे अडवते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

डॉर्निअर यांना अटलांटिक ओलांडणारे प्रवासी जहाजच हवेत न्यायचे होते. तहाच्या बंधनांमुळे ते बोडेन सरोवराच्या स्विस काठावर, आल्टेनराइन येथे बांधले गेले. लांबी ४० मीटर, पंखांचा विस्तार ४८ मीटर, भरलेले वजन पन्नास टनांच्या वर आणि नौकेत तीन मजले : वर वैमानिक व इंजिनकक्ष, मध्ये प्रवासी, तळाशी इंधन. एवढे वजन पाण्याच्या पकडीतून सोडवायचे, तर प्रचंड शक्ती हवी. परंतु तेव्हाचे एक इंजिन सुमारे पाचशे अश्वशक्तीचेच होते. म्हणून वालमधील जोडीची युक्ती सहा वेळा वापरली गेली. पंखावर सहा मनोरे, प्रत्येकात एकामागे एक अशी दोन इंजिने.

अडचणही त्या युक्तीतच होती. मागच्या इंजिनाला पुढच्याने ढवळलेली, तापलेली हवा मिळे. सुरुवातीची इंजिने हवेने थंड होणारी असल्यामुळे मागची सहा फारच तापत. नंतर पाण्याने थंड होणारी, सुमारे सहाशे अश्वशक्तीची अमेरिकी कर्टिस इंजिने बसवली. तरीही पूर्ण भार घेऊन हे विमान जेमतेम पाचशे मीटर उंची गाठू शके. बारा इंजिनांवर लक्ष ठेवणे वैमानिकाच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून जहाजावर कप्तान इंजिनघराला आज्ञा देतो तशी तो वेगाची मागणी करी आणि इंजिनकक्षात बसलेला अभियंता ती पुरी करी.

१२ जुलै १९२९ रोजी ते प्रथम उडाले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यातून १६९ माणसे उडाली : १५० प्रवासी, १० कर्मचारी आणि ९ जण चोरून चढलेले. प्रवाशांत कारखान्यातील कामगार आणि त्यांचे कुटुंबीय मोठ्या संख्येने होते, ही गोष्ट मला विशेष भावते. ज्यांनी रिव्हेट ठोकले, तेच त्या पत्र्यावर विश्वास ठेवून आत बसले. एका विमानात इतकी माणसे नेण्याचा हा विक्रम वीस वर्षे टिकला.

त्यानंतरचा अमेरिकेचा प्रवास मात्र दुर्दैवी ठरला. नोव्हेंबर १९३० मध्ये विमान निघाले. लिस्बनमध्ये ताडपत्रीने पेट घेतल्याने डाव्या पंखाचा बराच भाग जळला. दुरुस्ती करून निघाले, तर कॅनरी बेटांवर उड्डाणाच्या वेळी नौकेलाच इजा झाली. आफ्रिकेचा किनारा, ब्राझील, कॅरिबियन असे करत ते २७ ऑगस्ट १९३१ रोजी न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा प्रवासाला सुमारे दहा महिने झाले होते आणि जग मंदीत बुडाले होते. विमानाला फारशी मागणी आली नाही. एकूण तीनच ‘डो एक्स’ बांधली गेली, त्यांपैकी दोन इटलीसाठी. मूळ विमान बर्लिनच्या संग्रहालयात ठेवले होते. १९४३ च्या बाँबहल्ल्यात ते नष्ट झाले.

आपण अभियांत्रिकी शिकता, म्हणून एक गोष्ट जोडतो. डो एक्सची नौका, तिचे पत्रे आणि सांगाडा सगळ्या हालअपेष्टांतून टिकले. कमी पडली ती शक्ती. रचनाकार आपल्या काळातील इंजिनापेक्षा पुढे गेला होता.

प्रश्न : आपण कंपनीविषयी आदराने लिहिता. पण हिटलरच्या काळात याच कारखान्याने काय केले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता.

१९३३ नंतर कंपनीची वाढ झाली ती युद्धसज्जतेमुळेच. १९३४ साली उडालेले ‘डो १७’ हे सडपातळ बाँबफेकी विमान ‘उडती पेन्सिल’ म्हणून ओळखले गेले. स्पेनच्या यादवी युद्धात ते जर्मनीने तेथे पाठवलेल्या ‘काँडर’ या हवाई पथकाकडे होते. नंतर पोलंड, फ्रान्स आणि इंग्लंडवर त्यांनी बाँब टाकले. त्याचा मोठा भाऊ ‘डो २१७’. या विमानांनी सप्टेंबर १९४३ मध्ये रेडिओने दिशा देता येणारे बाँब टाकून ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका बुडवली आणि बाराशेहून अधिक खलाशी मेले. कंपनीच्या कारखान्यांत जिंकलेल्या प्रदेशांतून आणलेल्या माणसांकडून सक्तीने काम करून घेतले जात होते. क्लोद डॉर्निअर यांना राजवटीने युद्ध-उद्योगातील प्रमुखांना दिली जाणारी पदवीही दिली होती. हे सर्व त्यांच्या अभियांत्रिकी कौशल्याच्या शेजारी ठेवूनच वाचले पाहिजे; कौशल्याने ते झाकले जात नाही. फ्रिडरिक्सहाफेन शहराला त्याची किंमत मोजावी लागली. एप्रिल १९४४ मधील एका रात्रीच्या हवाई हल्ल्यात जुन्या शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला.

त्याच काळातील एक वेगळे विमानही नोंदवतो : ‘डो २४’ ही तीन इंजिनांची उडती नौका. ती मुळात डच नौदलाने ईस्ट इंडीजमधील वसाहतींसाठी मागवली होती आणि १९३७ साली उडाली. समुद्रात पडलेल्या माणसांना उचलून आणण्याचे काम तिने युद्धभर केले, आणि स्पेनने तर युद्धानंतरही अनेक वर्षे तिला बचावकार्यात ठेवले.

प्रश्न : आमच्या यंत्रमागांच्या धंद्यात ‘डॉर्निअर’ म्हणजे परदेशी माग. विमानवाल्या कंपनीशी याचा काही संबंध आहे का?
— एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : थेट संबंध आहे. १९४५ नंतर जर्मनीत विमानबांधणीला पुन्हा बंदी आली, ती १९५५ पर्यंत. कारखान्यातील कुशल हातांनी करायचे काय? क्लोद यांचे पुत्र पेटर डॉर्निअर यांनी १९५० साली लिंडाऊ येथे माग बनवण्यास सुरुवात केली. ती स्वतंत्र कंपनी आजही माग बनवते. मूळ विमान कंपनी अनेक मालकांच्या हातून गेली, पण मागाची कंपनी टिकली. दुसऱ्या एका शाखेने चारचाकीचा प्रयोग केला. त्यांच्या नमुन्यावरून त्सुंडाप कंपनीने १९५७ साली ‘यानुस’ ही मोटार काढली. तिच्यात पुढचे आणि मागचे प्रवासी पाठीला पाठ लावून बसत.

प्रश्न : डॉर्निअर कंपनी आज अस्तित्वात आहे का? नसेल, तर आपल्याकडे तिची विमाने अजून कशी बनतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कंपनी नाही, विमान आहे. हे कसे घडले ते पाहण्यासाठी पुन्हा १९४५ नंतरच्या काळात जावे लागते.

बंदीच्या वर्षांत क्लोद डॉर्निअर यांनी माद्रिदमध्ये रचना कार्यालय थाटले. इटली आणि स्वित्झर्लंडनंतर आता स्पेन. तेथे आखलेल्या लहान विमानातून ‘डो २७’ जन्मले, आणि युद्धोत्तर जर्मनीत मोठ्या संख्येने बनलेले ते पहिले विमान ठरले. अगदी थोड्या जागेत उतरणारे आणि उडणारे हे विमान सहाशेहून अधिक संख्येने तयार झाले. जर्मन प्राणितज्ज्ञ बेर्नहार्ड ग्रिझिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या डो २७ मधूनच आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या प्राण्यांची गणना केली. १९५९ साली त्याच विमानाच्या अपघातात मिखाएलचा मृत्यू झाला.

१९६७ साली उडालेले ‘डो ३१’ जेट इंजिनांच्या जोरावर सरळ वर उचलले जाई. त्यात दहा इंजिने होती : दोन पुढे नेण्यासाठी व उचलण्यासाठी, आठ केवळ उचलण्यासाठी. असे जेट मालवाहू विमान आजवर दुसरे उडालेले नाही. परंतु ती आठ इंजिने उरलेला सारा वेळ मृत वजन म्हणून वाहावी लागत, आणि १९७० मध्ये प्रकल्प थांबला. क्लोद डॉर्निअर त्याआधी, डिसेंबर १९६९ मध्ये, निवर्तले होते.

कंपनीने त्यानंतर एक कमी गाजलेले, पण अधिक टिकाऊ काम केले. विमानाच्या पंखावर संशोधन करून संथ वेगातही भरपूर उचल देणारा आणि वेगातही फार अडथळा न करणारा नवा पंख घडवला. तो पंख, दोन टर्बोप्रॉप (म्हणजे टर्बाइनच्या जोरावर प्रोपेलर फिरवणारी) इंजिने आणि बनवायला सोपे असे चौकोनी, हवेचा दाब न राखणारे धड यांतून १९ आसनांचे ‘डो २२८’ तयार झाले. ते २८ मार्च १९८१ रोजी प्रथम उडाले. १९८३ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सने त्याचा परवाना घेतला आणि कानपूरच्या कारखान्यात उत्पादन सुरू केले. वायुदूत या तेव्हाच्या सरकारी विमान कंपनीने लहान शहरांना जोडण्यासाठी, तटरक्षक दल आणि नौदलाने किनाऱ्याच्या गस्तीसाठी, तर हवाई दलाने वाहतूक व प्रशिक्षणासाठी ते वापरले. पोटाखाली रडार बसवून समुद्रावर तासन्‌तास संथ फिरायचे, या कामाला ते अगदी योग्य ठरले. कानपूरने आतापर्यंत शंभराहून अधिक विमाने दिली आहेत.

इकडे हे चालू असताना तिकडे मूळ घर मोडत गेले. वारसांमध्ये वाद झाले. १९८५ साली डाइमलर-बेंझने बहुसंख्य हिस्सा घेतला. पुढे ‘डॉर्निअर ३२८’ हे जलद, ३० हून थोड्या अधिक आसनांचे विमान आले, परंतु तोवर विमान कंपन्या लहान जेटकडे वळू लागल्या होत्या. १९९६ साली अमेरिकेच्या फेअरचाइल्डने कंपनी ताब्यात घेतली, ३२८ ला जेट इंजिने लावली आणि त्याच वेळी त्याहून मोठे ‘७२८’ हे नवे विमान हाती घेतले. लुफ्तहान्साने ६० विमानांची मागणी नोंदवली होती. नवे जेट विमान घडवण्याचा खर्च मात्र अफाट होता, आणि २००१ मधील अमेरिकेवरील दहशतवादी हल्ल्यांनंतर प्रवासी वाहतूक मंदावली. २१ मार्च २००२ रोजी पहिले ७२८ समारंभाने कारखान्याबाहेर आणले गेले आणि दोन आठवड्यांच्या आत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ७२८ कधीही उडाले नाही. एवढे पूर्ण झालेले विमान जमिनीवरच राहावे, याची खंत वाटते.

२२८ चे हक्क स्वित्झर्लंडच्या रुआग या कंपनीकडे गेले. तिने २०१० च्या सुमारास पाच पात्यांचे प्रोपेलर आणि नवी उपकरणे असलेली सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा त्यासाठी धड, पंख आणि शेपूट कोठून आली? कानपूरहून. जर्मनीने दिलेल्या आराखड्यावर भारतीय कामगारांनी बनवलेले भाग म्युनिकजवळील ओबरपफाफेनहोफेन येथे पाठवले गेले आणि तेथे विमान जोडले गेले. पुढे तो व्यवसाय जनरल ॲटॉमिक्सच्या युरोपीय शाखेने घेतला. भारतात या विमानाला २०१७ साली नागरी वापराची मान्यता मिळाली, आणि १२ एप्रिल २०२२ रोजी अलायन्स एअरने दिब्रुगड ते पासीघाट असे पहिले उड्डाण केले. ३२८ चेही काम पूर्ण थांबलेले नाही. डॉइचे एअरक्राफ्ट ही कंपनी त्याची नवी टर्बोप्रॉप आवृत्ती घडवत आहे.

प्रश्न : मुलाकडे जर्मनीत जाणार आहे. ही जुनी विमाने कोठे पाहता येतील?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फ्रिडरिक्सहाफेनच्या विमानतळाला लागूनच २००९ मध्ये उघडलेले डॉर्निअर संग्रहालय आहे, तेथे डो ३१ उभे आहे. दुसरे डो ३१ म्युनिकजवळील श्लाइसहाइमच्या जुन्या धावपट्टीवरील संग्रहालयात पाहता येईल. अमुंडसेन यांचे ‘एन २५’ मात्र म्युनिकमध्येच युद्धाच्या बाँबहल्ल्यात गेले. पुढे कधी इंग्लंडला जाणे झाले, तर कॉसफर्ड येथील हवाई दलाच्या संग्रहालयात एक ‘डो १७’ आहे. ऑगस्ट १९४० मध्ये ते इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील वाळूच्या दांड्यावर पडले आणि जून २०१३ मध्ये समुद्राच्या तळातून वर काढण्यात आले. सत्तरहून अधिक वर्षे खारे पाणी खाऊन त्याचा पत्रा जागोजागी झिजला आहे, आणि गंज पुढे वाढू नये म्हणून त्यावर अनेक महिने सौम्य सायट्रिक आम्लाचे फवारे मारावे लागले.